नऊ ओळींतल्या दोन

रेवा, अमोघ,

हे लिहिते आहे तुमच्यासाठी, पण बोलणार आहे तुमच्या आजीमायशी, तुमच्या आईच्या आईशी. काल तिचं तेरावं झालं. तुम्ही कॅनडातून व्हिडिओवर जे पाहिलंत, अंगणातली माणसं, हार घातलेला फोटो, तुमच्या आईचं रडणं, ते सगळं खरं होतं. मात्र त्याच अंगणात माझ्याबद्दल जे बोललं जात होतं ते खरं नव्हतं. येणारा प्रत्येक जण मला सांगत होता, तुम्ही तो सोनोग्राफीचा कागद बारकाईनं पाहिला, म्हणून रेवा आज आहे. मी मान हलवत होते. रेवा जन्मल्यापासून हलवतेच आहे. ही गोष्ट ज्यांनी पसरवली त्या गेल्या. खरं काय ते दोघींनाच माहीत होतं, त्यांतली मी एकटी उरले, आणि मी बहात्तर वर्षांची आहे. त्यामुळे आत्ताच लिहायला हवं. तुमच्या आईने हे आधी वाचावं. तुम्हाला कधी द्यायचं ते तिने ठरवावं.

विहीणबाई, मला अजून नीट कळतच नाहीये. त्या दिवशी सकाळी आठ वाजता आपण फोनवर भांडत होतो. काळ्या मसाल्यावरून. स्वातीला कॅनडाला पार्सल पाठवायचं होतं. मी म्हणत होते पाव किलो पुरे, व्यवस्थित सीलबंद, वर इंग्रजीत नाव लिहिलेलं. तुम्ही म्हणालात, पाव किलो तर आमच्या एका मळणीच्या आमटीला लागतो, लेकीला काय वास घ्यायला पाठवायचा का. मी म्हटलं, कुरिअरवाल्याला विचारून दहा वाजता फोन करते. दहाला केला. तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी उचलला.

"बाई गेल्या ओ," त्या म्हणाल्या.

"कुठे गेल्या?" मी विचारलं.

असं मी विचारलं. हातात कागद होता, त्यावर एक किलोपर्यंत चालतं असं लिहून घेतलेलं होतं. तुमचंच बरोबर निघालं होतं, आणि ते सांगायला मी फोन केला होता. जाऊबाई रडत होत्या, आणि मला एवढंच वाटत होतं की आता किलोचं कुणाला सांगू.

तूर निवडता निवडता तुम्ही बाजूला कलंडलात म्हणे. औशाच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी आल्या आल्या व्याह्यांना विचारलं, डॉक्टरांचा कागद कुठे आहे? छातीची ईसीजीची पट्टी कधी काढली होती? रक्तदाबाची काही नोंद? कागद नाहीच. तुमच्या नावाचा एकही कागद कुठल्याही दवाखान्यात नाही. गावातल्या मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून म्हातारपण लिहिलंय. तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान होतात.

कागदावरूनच आपली ओळख झाली होती, आठवतं? निखिल आणि स्वातीच्या लग्नाची यादी झाली त्या दिवशी. तुमच्या घरच्या ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली होती. कुणी काय करायचं, मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, ते तुमच्या भावकीतल्या एका गुरुजींनी लिहिलं. त्याची दुसरी प्रत मी माझ्या अक्षरात काढली. सगळे सह्या करायला निघाले तेव्हा तुम्ही आतून आलात, पदर सावरत म्हणालात, जरा दोन्ही कागद इकडं द्या. तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही हे मला माहीत होतं. तुम्ही बोट ठेवून एका कागदावरच्या ओळी मोजल्यात, मग दुसऱ्यावरच्या. "हां, बरोबर हाय," म्हणालात आणि कागद परत दिलेत. सगळे हसले. मी हसले नाही. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईची नक्कल कुणी तपासतं, याचा मला राग आला होता. नांदेडला येताना गाडीत निखिलला मी म्हटलंही, तुझ्या सासूला माणसांवर विश्वास नाही.

त्यामागचं कारण मला कितीतरी उशिरा कळलं, आणि तेही स्वातीकडून. तुमचे वडील गेल्यावर सातबाऱ्याची नक्कल निघाली. मूळ कागदावर तीन भावंडांच्या तीन ओळी होत्या, नक्कलेवर दोनच आल्या. तिसरी ओळ तुमची होती. नक्कलेवरून पुढची नक्कल निघत गेली आणि तुमचं नाव कुठेच राहिलं नाही. भावांशी तुम्ही भांडला नाहीत. मात्र त्यानंतर कुठलीही नक्कल तुमच्यासमोर आली की आधी ओळी मोजायच्या, हे तुम्ही ठरवून टाकलंत.

आता टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्याकडे येते. हे रेवाला सविस्तर कळायला हवं.

निखिल तीन महिने आधीच कॅनडाला गेला होता. स्वाती मागून जाणार होती, तेवढ्यात विमानं थांबली. तिला दिवस गेले होते, ती माझ्याकडे नांदेडला होती. पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी टाळेबंदीच्या अगदी आदल्या दिवशी झाली. केंद्रात घाई होती, शटर अर्धं ओढलेलं होतं. मला आत सोडलं नाही. स्वाती बाहेर आली ती हसत, डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे. दुसऱ्या दिवसापासून ते केंद्र बंद, नंतर तिथले डॉक्टरच विलगीकरणात.

स्वातीच्या बाळंतपणाच्या डॉक्टरबाई फोनवरच सल्ला देत होत्या. रक्ताचे, साखरेचे, सोनोग्राफीचे, सगळे कागद फोटो काढून पाठवायचे होते. फोटो तिरके यायचे, अक्षर दिसायचं नाही. म्हणून मी एक स्वच्छ पान तयार केलं. वर नाव, वय, मग एकेक तपासणी. बाळाबद्दलच्या ओळी सोनोग्राफीच्या कागदावर होत्या तशाच, ओळीखाली ओळ, उतरवल्या. तिथे नऊ होत्या. पान संपत आलं होतं. शेवटच्या दोन ओळींत असं होतं की बाळाच्या स्थितीमुळे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या नीट दिसल्या नाहीत, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावं. त्या मी सोडल्या.

का सोडल्या, याचं उत्तर मी सहा वर्षं स्वतःला वेगवेगळं दिलंय. डॉक्टर लोक स्वतःच्या बचावासाठी असं लिहीतच असतात, असं मला वाटलं होतं. वरच्या ओळीत हृदयाचे चारही कप्पे व्यवस्थित आहेत, असं स्पष्ट होतं. केंद्र बंदच होतं, मग पोरीला उगीच घाबरवायचं कशाला. हे सगळं खरंच होतं. पण खरं कारण असं आहे की मला ते एका पानात बसवायचं होतं. डॉक्टरबाईंनी पान पाहून, सगळ्यांनी असंच लिहून पाठवलं तर आमचं काम किती सोपं होईल, असा निरोप पाठवला. तो निरोप मी दोनदा वाचला.

सातवा लागला तेव्हा तुम्ही स्वातीला माहेरी न्यायला आलात. तुमच्या पुतण्याची जीप, काचेवर चिकटवलेला पास. आमच्या सोसायटीने दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला आत घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. लेकीला न्यायला आलेल्या आईला मी फाटकाबाहेर उभं ठेवलं. डोहाळजेवण झालंच नव्हतं, म्हणून तुम्ही खण-नारळ, पाच फळं आणि डब्यात धपाटे आणले होते. सगळं परातीत ठेवून फाटकावरून आत दिलंत. मी त्याच परातीत स्वातीच्या फाईलची पिशवी ठेवून बाहेर दिली. स्वाती आत आवरत होती. पुतण्या पाणी भरायला गेला होता. आपण दोघीच होतो, मधे फाटक.

तुम्ही जीपच्या मागच्या फळीवर बसलात आणि पिशवी उघडलीत. मी सांगितलं की वर ठेवलेलं स्वच्छ पानच तेवढं दाखवायचं, बाकी कागद गरज पडली तर. तुम्ही विचारलंत, हे पान कशावरून उतरवलंय? मी सोनोग्राफीचा कागद दाखवला. मग तुमचं बोट सुरू झालं. मला यादीचा दिवस आठवला आणि तसाच राग आला.

"ईनबाई, हितं नऊ हायेत. तुमच्यात सातच कशा?"

"त्या दोन कामाच्या नाहीत. सगळ्यांनाच लिहितात तसं."

"कामाच्या न्हाईत, तर त्यानं शाई कशाला घालवली?" तुम्ही कागद माझ्याकडे केलात. "वाचा की. मराठीत वाचा."

मी वाचलं. मास्कमधून, फाटकातून, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तुम्ही पुन्हा वाचायला लावलंत.

"दोन हप्ते कवाच झाले," तुम्ही म्हणालात.

मी चार कप्प्यांचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, म्हणजे घराच्या चार खोल्या बघितल्या, बाहेर निघायची वाट न्हाई बघितली.

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, आत्ता तिला दवाखान्यात न्याल आणि करोना घेऊन याल, मग दोन ओळींचं काय करायचं ते बसून मोजा. तुम्ही त्या दोन ओळींच्या वर नखाने कागद दुमडलात, घडी पक्की केलीत आणि पोलक्यात ठेवलात. स्वाती बाहेर आली तेव्हा तुम्ही तिला, चल गं बाई, लई ऊन झालं, एवढंच म्हणालात.

माझी भीती खोटी नव्हती, हे मात्र मी अजूनही म्हणेन. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली दोन माणसं दवाखान्यात गेली ती परत आली नाहीत. त्या भांडणात आपण दोघीही बरोबर होतो असं मी तुम्हाला कधीतरी म्हणणार होते. तुम्ही हसला असतात.

औशाचा रस्ता लातूरवरूनच जातो. तुम्ही घरी न जाता आधी लातुरात थांबलात. दोन केंद्रं बंद मिळाली. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टरीण होती, ती आधी नाही म्हणाली, तिच्याकडची यादी भरली होती. हे पुढचं मला स्वातीने सांगितलंय. तुम्ही दारातच उभ्या राहिलात. तिथे भिंतीवर मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही अशी पाटी होती. तुम्ही पाटी काय आहे ते विचारून घेतलंत आणि डॉक्टरला म्हणालात, "पोरगा का पोरगी इचारत न्हाई. वाट दिसती का, तेवढंच सांगा." आणि पोलक्यातून तो घडी घातलेला कागद काढलात.

डॉक्टरने पाहिला आणि स्वातीला आत घेतलं. पाऊण तास लागला. तुम्ही बाहेर लिंबाखाली, जीपच्या सावलीत बसलात.

मला फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. डॉक्टर इंग्रजीत बोलत होती, कारण तुम्ही तिला सांगितलं होतं की आमच्या विहीणबाई शिकलेल्या आहेत, त्यांना सांगा. तिने सांगितलं की हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात, त्या या बाळात शेजारी शेजारी सरळ निघाल्या आहेत. जागांची अदलाबदल झाली आहे. पोटात असेपर्यंत बाळाला त्रास नाही. जन्मल्यावर मात्र काही तासांतच अवघड होईल. बाळंतपण हृदयाची शस्त्रक्रिया होते अशाच ठिकाणी व्हायला हवं, हैदराबादला, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत ऑपरेशन. ती म्हणाली, हे माहीत नसतं आणि गावाकडे प्रसूती झाली असती, तर वेळ मिळाला नसता.

माझ्या हातात निखिलचा जुना शर्ट होता, त्याचं पाणी पायावर गळत होतं. मी फक्त येस, येस म्हणत होते.

मग डॉक्टर म्हणाली, त्या शेवटच्या ओळींकडे कुणी लक्ष देत नाही, तुमच्या कसं लक्षात आलं? माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत मागून तुमचा आवाज आला, फोनच्या जवळ, स्वातीला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आमच्या ईनबाईच्याच ध्यानात आलं बगा. त्यांनीच घडी घालून दिली."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही.

हैदराबादच्या दवाखान्यात एकाच नातेवाइकाला राहू देत होते. तुम्ही गेलात. बस कुठून सुटते हेही माहीत नसलेल्या त्या शहरात तुम्ही सव्वा महिना राहिलात, तिथल्या आयांशी तुमच्या मोडक्या हिंदीत बोलत, तेलंगणाच्या सीमेकडच्या तुमच्या माहेरी ऐकलेले चार तेलुगू शब्द वापरत. रेवा जन्मली आणि थोड्याच वेळात तिचे ओठ निळे पडू लागले. डॉक्टर तयारच होते, औषध लगेच सुरू झालं. ऑपरेशनच्या आधीचे फॉर्म इंग्रजीत होते. तुम्ही त्यांचे फोटो पाठवायला लावायचात आणि मी फोनवर एकेक ओळ मराठीत सांगायचे. मी एकही ओळ सोडली नाही. तरी तुम्ही पलीकडून मोजत होतात. "एकोणीस झाल्या. अजून चार हायेत," असं तुम्ही म्हणालात तेव्हा स्वाती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तिला वाटलं, आईची जुनी सवय. मला काय वाटलं ते तुम्हाला माहीत होतं.

एकदाच मी विषय काढला. रेवाच्या जावळाच्या दिवशी, तुमच्या घरी. आपण दोघी चुलीपाशी होतो, तुम्ही पुरण वाटत होतात. मी म्हटलं, मी स्वातीला सांगून टाकणार आहे. तुम्ही वरवंटा थांबवला नाहीत.

"सांगून काय करता? तिला तुमच्यासंगं उभा जन्म काढायचाय. कळलं तर तुमच्या हातचं पाणी तरी गोड लागंल का तिला?" आणि थोड्या वेळाने, "पोरगी हसाय लागली ना? मग झालं. तुमी पुरणाकडं बगा, जायफळ घालायचं राहिलंय."

मी जायफळ घातलं. आपलं ते भांडण तिथेच राहिलं, विहीणबाई. मला तुमचं तेव्हाही पटलं नव्हतं. तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावरून तुमची ओळ दुसऱ्याने गाळली. रेवाच्या गोष्टीतून तुमची ओळ तुम्ही स्वतः गाळलीत, तिथे माझं नाव घातलंत, आणि मी ते राहू दिलं. नक्कलेवरून नक्कल निघत गेली. व्याही तेच सांगतात. निखिल कॅनडात मित्रांना तेच सांगतो. रेवाने शाळेत माय हीरो म्हणून माझं चित्र काढलं, चष्मा आणि हातात कागद. ते चित्र तुम्ही फोनवर पाहिलंत आणि म्हणालात, चष्मा बरोबर काढला पोरीनं.

काल सगळे गेल्यावर स्वाती माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "आई, माझी आई गेली, पण तुम्ही आहात. त्या वेळी तुम्ही होता म्हणून आम्ही तगलो." तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. समोर भिंतीला टेकवलेली तुमची परात होती, तीच, फाटकावरून दिलेली.

स्वाती, आता तू हे वाचते आहेस. रागाव. तुझ्या आईला त्याचीच भीती होती, आणि ती चुकली असेल असं मी म्हणणार नाही. माझ्या हातचं पाणी तुला गोड लागलं नाही, तर मी समजून घेईन. पण तुझ्या लेकीसाठी लातूरच्या दारात जी उभी राहिली तिचं नाव त्या गोष्टीत असायला हवं. त्या दिवशी मी नांदेडला कपडे वाळत घालत होते.

विहीणबाई, तुमची परवानगी घ्यायची राहिली. तुम्ही दिली नसती. एक किलो मसाला मी स्वातीच्या बॅगेत घातला आहे, सीलबंद, वर इंग्रजीत नाव लिहून. या वेळी गोष्ट पूर्ण उतरवली आहे, पानात बसते की नाही ते पाहिलं नाही. मोजून घ्या.

दोन्ही कागद माझ्या कपाटात, स्वातीच्या फाईलमध्ये, एकावर एक आहेत. एकावर नऊ ओळी आहेत, दुसऱ्यावर सात. नऊ ओळींच्या कागदाला खाली नखाने घातलेली घडी आहे, आणि रेवा पुढच्या महिन्यात पहिलीत जाते आहे.